बाबा ‘बरं’ म्हणाले

विरोधात

“तुझ्या त्या सरकारी विम्यात काय होईल ठाऊक आहे? रांगा लागतील,” गुरुदत्त म्हणाले आणि कंबरेमागे मूठ रेटत इमर्जन्सीच्या प्लास्टिकच्या खुर्चीत जरा सरकून बसले.

त्यांच्या जावयाने, अमेयने, चहूकडे पाहिलं. एकही खुर्ची रिकामी नव्हती. हाताला टॉवेल गुंडाळलेला एक माणूस भिंतीला टेकून उभा होता. एक बाई ओकारीची निळी पिशवी धरून जमिनीवरच बसली होती.

“मग बाबा, ही काय आहे?”

“ही आपण निवडलेली रांग आहे.”

हसायचं नाही असं ठरवूनही अमेयला हसू आलं. सासऱ्यांना वादात हरवणं त्याला आजवर जमलं नव्हतं. टेक्ससमध्ये, प्लेनोतल्या त्यांच्या घरी प्रत्येक दिवाळीला तो सगळ्यांसाठी एकच सरकारी विमा हवा म्हणून भांडायचा. हाडांचे डॉक्टर म्हणून अमेरिकेत आयुष्य काढलेले, त्याआधी नागपूरच्या कॉलेजात वादविवादाच्या ढाली जिंकलेले गुरुदत्त त्याचाच मुद्दा उचलून त्याच्याच पानात वाढायचे.

बाजूने

त्याच दिवशी सकाळी बागेत कुंडी उचलताना त्यांच्या पाठीत कळ आली. रेखाताई म्हणाल्या, उसण भरली. उसणीवर उपाय एकच, पायाळू माणसाचा पाय. आणि पायाकडून जन्मलेला माणूस घरात एकच, जावई. उसण नावाचा आजार कुठल्याही पुस्तकात नाही, असं गुरुदत्तांनी बायकोला सुनावलं आणि मग निमूट सोफ्यावर पालथे पडले. अमेयने मोजा काढला, डावा पाय त्यांच्या पाठीला अलगद लावला.

“फुकट ट्रीटमेंट. आला तुझा सोशलिझम,” उशीत तोंड खुपसून ते म्हणाले.

अमेयची बायको नेत्रा ऑफिसच्या कामाला दुसऱ्या राज्यात, अल्फारेटाला गेली होती, नाहीतर तिने वडिलांचा व्हिडिओच काढला असता.

कळ गेली नाही. दुपारी ती पोटाकडे उतरली, तेव्हा रेखाताईंनी ऐकून न घेता त्यांना गाडीत बसवलं. काउंटरवरच्या नर्सला उसण म्हणजे काय सांगावं हे अमेयला सुचेना. पुल्ड मसल, तो म्हणाला. मी ऑर्थोपेडिक सर्जन आहे, मसलच आहे, असं गुरुदत्तांनीही सांगून टाकलं. नर्सने त्यांच्या मनगटाला कागदी पट्टा बांधला आणि बसायला सांगितलं.

घंटा

मध्ये एकदा रेखाताई म्हणाल्या, परत जाऊन सांग, यांचा रंग बरा दिसत नाही. अमेय अर्धा उठला. सासऱ्यांनी त्याची बाही धरली. जन्मभर मी लोकांना बाहेर बसवून ठेवलं, आता माझ्यासाठी रांग मोडायची नाही, असं ते म्हणाले.

अमेय बसला. खरं तर त्याला बसायचंच होतं. इतका चांगला मुद्दा आयता समोर पसरलेला असताना त्याला उठवत नव्हतं.

तो बोलू लागला. हळू आवाजात, पण न थांबता. लोक विमा जाईल म्हणून नको असलेल्या नोकऱ्या धरून ठेवतात. साध्या डॉक्टरची तारीख मिळत नाही म्हणून इथे येऊन बसतात. कॅनडात रांग असते, पण त्या रांगेत सगळे असतात. इथे कितीतरी जण रांगेपर्यंतही पोचत नाहीत. तो उत्तरासाठी थांबला. गुरुदत्तांनी डोळे मिटले होते. म्हणजे मुद्दा लागतोय, असं अमेयला वाटलं.

“रांग दोन्हीकडे आहेच, बाबा. मग सगळ्यांनी एकाच रांगेत उभं राहायला काय हरकत आहे?”

बऱ्याच वेळाने गुरुदत्त म्हणाले, “बरं.”

अमेयने सासूकडे पाहिलं, ढाल मिळाल्यासारखं. रेखाताई हसत नव्हत्या. त्यांनी नवऱ्याच्या कपाळाला हात लावला. हात ओला झाला.

“अमेय, पळ,” त्या म्हणाल्या. “हे कधी बरं म्हणत नाहीत.”

काउंटरवरच्या नर्सने विचारलं, दुखणं वाढलंय का, काय बदललंय? इतका वेळ मुद्द्यांमागून मुद्दे सुचणाऱ्या अमेयला एकच वाक्य सापडलं.

“ही ॲग्रीड विथ मी.” त्यांना माझं पटलं.

नर्स हसली. मग तिची नजर त्याच्या खांद्यावरून मागे गेली आणि हसू तोंडावर तसंच असताना ती धावली.

निकाल

आतल्या छोट्या खोलीत एक सोफा होता आणि टिशूचा डबा. तरुण डॉक्टर रेखाताईंसमोर उकिडवी बसली, त्यांचा हात तिने हातात घेतला. मसल नव्हता, ती म्हणाली. पोटातली मोठी रक्तवाहिनी फुटली होती. रेखाताईंनी तिला थँक्यू म्हटलं.

दोघं बाहेर आली तेव्हा त्या तीन खुर्च्यांवर दुसरी माणसं बसली होती. काउंटरवरची नर्सही बदलली होती. ती रांगेच्या यादीतलं पुढचं नाव अडखळत पुकारत होती.

“गुरू… डाटा?”

अमेयचा हात शाळेतल्यासारखा वर गेला. वर गेला आणि तिथेच राहिला.

“सांग तिला,” रेखाताई म्हणाल्या, “ते पुढे गेले.”