कॅमेऱ्याकडं बघणारी बाई

सिनेमा संपला तशी ओगबोमोशो शहरातल्या एका चर्चमधली माणसं रडत रडत पुढं गेली. चादरीच्या पडद्यासमोर उभे राहून पास्टर ओगुनलेये एकेकाच्या डोक्यावर हात ठेवत होते. मागं जनरेटरपाशी दामिलारे खाली मान घालून वायर गुंडाळत होता. लागोसला जाऊन संकलन शिकून आलेला माणूस तो, आणि त्याचं नाव झळकलं कुठं, तर चर्चनं काढलेल्या, तोंडाला पावडर फासून किंचाळणाऱ्या सैतानाच्या सिनेमात. कुणी ओळखीचं भेटू नये, एवढंच त्याला वाटत होतं.

इया सिजू नेमकी त्यालाच शोधत आली. सिजूची आई, म्हणून सगळे तिला इया सिजू म्हणत. एरवी चर्चची झाडलोट करायची. सिनेमात तिनं घर सोडून गेलेल्या मुलाची आई केली होती. आज डोक्याला नवं कापड बांधून, गावाकडच्या दोन्ही बहिणींना घेऊन आली होती.

"दामी, बाळा, माझं दारातलं कुठं गेलं रे? मुलाला हाक मारते ते? तीन दिवस उपास धरून केलं होतं मी."

दामिलारेनं वायरचा आणखी एक वेढा घेतला. ते दृश्य त्यानं अख्खं काढून टाकलं होतं. बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत सरळ कॅमेऱ्यात बघत होती. काढण्याआधी लागोसच्या मित्रांना दाखवलं, तेव्हा सगळे पोट धरून हसले होते. तोही हसला होता.

"इया, तुम्ही कॅमेऱ्यात बघत होता. तसं बघायचं नसतं. सगळं खोटं वाटायला लागतं."

"ठाऊक आहे की मला. पास्टरांनी घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं."

"मग?"

"मग काय? आपल्या सिनेमाच्या सीडी पार लिबियापर्यंत जातात, तूच म्हणाला होतास ना? सिजूला तिकडं जाऊन चार वर्षं झाली. फोन नाही, निरोप नाही. कुणाच्या तरी खोलीवर लावलीच सीडी, आणि मी बसलेय भलतीकडं बघत, तर त्याला कसं कळावं मी कुणाला बोलावतेय ते?"

दामिलारेच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं.

"आता घाल की परत. थोडंसंच घाल."

"ते... पुसलं गेलं, इया." कॉम्प्युटरवर जागा होत नव्हती म्हणून आपणच पुसलं, हे काही त्याच्या तोंडून निघेना.

ती हळूच म्हणाली, "फार वाईट झालं होतं का? खरं सांग. मला नाही राग येत."

"नाही, इया."

"थांब, करून दाखवते." तिनं डोक्यावरचं कापड नीट केलं आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभी राहिली. "सिजू, दार उघडंच ठेवलंय. कुणी काही विचारणार नाही तुला. जेवायला ये."

दामिलारेनं गुंडाळलेली वायर सोडली आणि पुन्हा पहिल्यापासून गुंडाळायला घेतली.

"आता सांग, काय चुकलं," ती म्हणाली. "पण तू तर बघतच नाहीयेस."