टीमची पुनर्बांधणी

जर्मनीतल्या कायझर्सलाउटर्न शहराचा एक छोटा बेसबॉल क्लब ओळीने नऊ सामने हरला, तेव्हा सभासदांच्या बैठकीत यशवंत कीर्तने उठून उभे राहिले. चौदा वर्षांत त्यांनी घरच्या मैदानावरचा एकही सामना चुकवला नव्हता.

"टीम नव्याने बांधायला हवी. जुन्या खोडांना घरी पाठवा, सतरा-अठरा वर्षांची मुलं उतरवा. दोन वर्षं हरू, तिसऱ्या वर्षी जिंकू. यात भावनेचं काही काम नाही."

प्रशिक्षक माथियासने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या रविवारी चेंडू टाकायला त्याने राखीव खेळाडूंमधल्या ईप्सिताला उतरवलं. ईप्सिता सतरा वर्षांची होती, यशवंतांची मुलगी.

पहिल्या अर्ध्या तासातच समोरच्यांनी तिला झोडपून अकरा धावा काढल्या. "काढा त्या मुलीला," प्रेक्षकांच्या पायऱ्यांवरून कोणीतरी ओरडलं. मग आणखी चारजण ओरडले. एरवी पहिला आवाज यशवंतांचा असायचा. ईप्सिताने टोपी डोळ्यांवर ओढली, बाहीने नाक पुसलं आणि पुन्हा चेंडू हातात घेतला.

यशवंत पायऱ्या उतरून मैदानाच्या जाळीपाशी गेले.

"माथियास, तिला बाहेर घ्या."

"दोन वर्षं हरू म्हणाला होतात."

"हो, पण ती रडतेय."

माथियासने मैदानावरची नजर हटवली नाही.

"सगळेच रडायचे, मिस्टर कीर्तने. तुम्ही वर बसायचात, म्हणून दिसलं नाही."