कोरडे स्पंज

“आजी, स्पंज परत कोरडेच आहेत,” टॅबलेटच्या पडद्यावरून संशोधनातली ताई म्हणाली. “यंत्र सुरूच होत नाहीये बघा.”

आजींनी आजोबांच्या डोक्यावरचा पट्टा उगाचच चाचपून पाहिला. स्पंज कोरडे आहेत हे त्यांना ठाऊक होतं. मिठाच्या पाण्याची बाटली त्यांनी स्वयंपाकघरात नेली होती आणि तशीच भरलेली परत आणली होती.

“उकाडा किती आहे. वाळत असतील,” त्या म्हणाल्या.

“इतक्यात? आजी, असंच चाललं तर आजोबांना अभ्यासातून वगळावं लागेल हो. ते माझ्या हातात नाही.”

आजींच्या तोंडून “बरं” निघता निघता राहिलं.

“पाण्यात कसली कंजुषी करतेस? आण इकडे!” आजोबांनी बाटली ओढून घेतली. पट्ट्यातले दोन्ही स्पंज काढून ते चांगले पाणी निथळेपर्यंत भिजवले, परत बसवले आणि पट्टा कपाळावर आवळला. या वेळी यंत्र मुकाट्यानं सुरू झालं.

“शाब्बास, आजोबा. आता वेळ संपेपर्यंत उठायचं नाही, पट्टा काढायचा नाही. मी इथेच आहे,” ताई म्हणाली आणि मान खाली घालून लिहायला लागली.

म्हाताऱ्या माणसांच्या मेंदूला घरच्या घरी विजेचा हलका प्रवाह दिला, तर त्यांची स्मरणशक्ती सुधारते का, हे दवाखान्यातली मंडळी तपासत होती. काही घरांत खरं यंत्र दिलं होतं, काही घरांत नुसतं दिवे लागणारं. कुणाकडे कुठलं, ते ताईलाही माहीत नव्हतं. आपलं खोटंच निघू दे, असं आजी रोज मनातल्या मनात म्हणत.

कारण आजोबा विसरायला लागले आणि घराचं भलं झालं होतं. लेक नवऱ्याला सोडून बॅग घेऊन आली, तेव्हा याच माणसानं तिला दारातून परत पाठवलं होतं. पुढे बाकी सगळ्याबरोबर तेही त्यांच्या डोक्यातून गेलं. लेक भीतभीत पुन्हा येऊ लागली. “ये गं, जावई कुठेत?” ते विचारायचे. “फिरतीवर,” मायलेकी एका सुरात सांगायच्या. सुंठीवाचून खोकला गेला होता.

आणि या अभ्यासात त्यांचं नाव घातलं ते लेकीनंच. “अगं, नको ते आठवलं म्हणजे?” आजींनी विचारलं होतं. “आठवू दे,” लेक म्हणाली होती. “बाबा परत येणार असतील तर अख्खे येऊ देत. निवडून कसे घ्यायचे?”

परवा आजोबांनी गॅसवाल्याला नावानं हाक मारली, तेव्हापासून स्पंज कोरडे राहायला लागले होते.

आता त्या शेजारी बसून कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आजोबा खिडकीकडे बघत होते.

“जावई फिरतीवर नाहीत,” ते एकदम म्हणाले.

आजींच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“तिनं सोडलं त्याला. बॅग घेऊन आली होती. तू पाणी आणायला आत गेलीस आणि मी दारात उभा राहिलो.” त्यांनी कपाळावर आठ्या घातल्या. “मी काहीतरी म्हणालो तिला. काय म्हणालो गं मी?”

आजी तेव्हा हातात तांब्या घेऊन मागेच उभ्या होत्या. शब्द न् शब्द त्यांना पाठ होता.

“मला नाही आठवत,” त्या म्हणाल्या.

“तुला आठवत नाही?”

“माझंही वय झालंय, अहो.”

आजोबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की आजींना टॉवेलची घडी पुन्हा मोडून घालावी लागली. तेवढ्यात दारावरची बेल वाजली. लेकीची वेळच ती. आजी लगबगीनं उठायला गेल्या, पण आजोबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खाली बसवलं. कपाळावरचा पट्टा ओढून काढून त्यांनी टेबलावर टाकला. यंत्र टूं टूं करायला लागलं.

“आजोबा! अहो, उठायचं नाही म्हटलं ना!” पडद्यातून ताई ओरडली.

आजोबा दारापाशी पोचले होते. त्यांनी दार उघडलं. लेक एका हातात भाजीची जड पिशवी घेऊन उभी होती. त्यांच्या भिजलेल्या कपाळाकडे पाहून ती हसणार होती, पण हसली नाही.

“त्या दिवशी मी तुला काय म्हणालो होतो?”

लेकीनं त्यांच्या खांद्यावरून आईकडे पाहिलं. आईनं मान हलवली, नको म्हणून.

“‘माझी मुलगी मेली, असं समजेन मी,’ असं म्हणाला होतात,” लेक म्हणाली.

आजोबा दाराला धरून उभे राहिले. आत यंत्र ओरडत होतं आणि ताई एकसारखी हाका मारत होती. आजी जागच्या हलल्या नाहीत.

“असं म्हणालो? आणि तरी येत राहिलीस?”

“राहिले.”

“हट्टी कुठली,” आजोबा म्हणाले आणि तिच्या हातातली पिशवी त्यांनी आपल्या हातात घेतली. “कुणावर गेलीस, कोण जाणे.”