सहवास

प्रयोगशाळेतली ती उंदरीण कधी व्यायली नव्हती. दुसरीची पिल्लं रोज पिंजऱ्यात ठेवली की ती कोपऱ्यात अंग चोरून बसायची. आज आठवड्याने तिने एकेक पिल्लू तोंडात धरून घरट्यात आणलं आणि चाटून काढलं. "बघा मॅडम, लग्नाआधीच आई झाली बया," मदतनीस म्हणाली, "हे कसं काय?" "बाळंतपणातली हॉर्मोन्स मेंदूला एका दिवसात आईपण शिकवतात. इथे ते काम पिल्लांच्या सहवासाने केलं. वेळ लागला, इतकंच," म्हणताना संशोधिका थबकली. तिने नुकतंच दत्तक घेतलेलं बाळ सासूबाईंपाशी झोपायचं; तिला माया फुटतच नव्हती. त्याला दत्तकसंस्थेत परत पाठवायचं, असं तिने सकाळीच घरी सांगून टाकलं होतं. तिने सासूबाईंना फोन लावला. "आई, संस्थेला कळवलंत?" "जीभच रेटली नाही गं." "नका कळवू. आजपासून बाळ माझ्याजवळ झोपेल." "माया लागली वाटतं?" "अजून नाही, आई. म्हणूनच."