सगळ्यांच्या पुढे

"अजून एक घास," म्हणत कोबिलोने मुलाच्या ताटात मक्याच्या घट्ट उगालीचा आणखी एक गोळा ठेवला.

"आई, मला पळायचंय. गडगडत नाही जायचंय," किमाइयो हसला, पण गोळा मोडून त्याने पालेभाजीत बुडवला.

परदेशातल्या मॅरेथॉनला दोन आठवडे उरले होते. मक्याचं पीठ कोबिलो समोर उभं राहून दळून आणायची. गिरणीवाल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. दुपारी राजमा, संध्याकाळी कडसर पालेभाजी, तीन वेळा दुधाचा चहा. बकरीचं मटण आठवड्यातून एकदाच, कारण मटण पायांत उतरतं, असं तिचं ठाम मत. त्यावर वाद घालायला आलेला प्रशिक्षक मुकाट्याने चहा पिऊन गेला होता.

इटेन गावातल्या त्यांच्या वाटेवर चार घरांनी शर्यत जिंकून आलेल्या मुलाला स्वागताचं, सुक्या भोपळ्यात मुरवलेलं दूध पाजलं होतं. कोबिलोचं घर पाचवं. नऊ वर्षं ती दुसऱ्यांच्या मुलांच्या स्वागताला गाणी म्हणत आली. मनापासून म्हणायची. घरी आल्यावर मात्र तिला रडू यायचं.

"यंदा नक्की ना रे?"

"सगळ्यांच्या पुढे पळायला बोलावलंय मला. तिकीटसुद्धा त्यांनीच पाठवलंय." किमाइयो ताटाकडे बघत म्हणाला, "तिकडे आम्हाला ससा म्हणतात."

कोबिलो हरखली. लहानपणी ऐकलेल्या एकाही गोष्टीत ससा हरला नव्हता. हत्ती काय, सिंह काय, सगळ्यांना तो गुंडाळायचा. शेजारच्या ताबार्नोला तिने हे दोनदा सांगितलं.

"अगं, आत्तापासून हवेत नको जाऊस," ताबार्नो म्हणाली.

"तुझ्या मुलाच्या वेळी मी असं बोलले होते का गं?"



निघताना कोबिलोने पिशवीत मक्याचं पीठ भरलं आणि प्रशिक्षक नको म्हणत असताना राजम्याची पुडीही खुपसली. "आदल्या दिवशी घरचंच खा. त्यांचा पाव नको."

"बरं," किमाइयो म्हणाला. आणखी काहीतरी बोलायचं असल्यासारखा तो दारात थांबला आणि मग गाडीत बसला.

शर्यतीच्या दिवशी ताबार्नोच्या घरी टीव्हीसमोर सगळ्या बायका जमल्या. किमाइयो पहिल्यापासून पुढे. दहा किलोमीटर, वीस किलोमीटर, तोच पुढे. बायकांनी गाणं धरलं. कोबिलोला बसवेना.

तिसाव्या किलोमीटरपाशी तो रस्त्याच्या कडेला सरकला, हळू झाला आणि थांबला. गुडघ्यांवर हात टेकून वाकला. मागचे त्याला ओलांडून गेले.

गाणं थांबलं.

"राजमा," कोबिलो म्हणाली. "प्रशिक्षक नको म्हणत होता, तरी मी बांधून दिला."

ताबार्नोने तिचा हात धरला. पुढे कोण जिंकलं, ते कोबिलोने पाहिलं नाही.

तासाभराने फोन वाजला.

"पोट दुखतंय का रे? मीच घात केला तुझा."

"काही दुखत नाही, आई. जेवण छान मानवलं." त्याच्यामागे माणसं हसत होती, कुणीतरी त्याचं अभिनंदन करत होतं. "ससा फक्त मागच्यांना वेग लावून देतो. मला तीस किलोमीटरपर्यंतच बोलावलं होतं."