पोत्यातलं इंजिन

शेवटचा बोल्ट निघाला तसं मोटरसायकलचं इंजिन एका अंगाला कललं आणि धाकटी ओरडली, "बाबा, धरा!"

बाबांनी धरलं. सकाळपासून तीनदा चहा मागणाऱ्या, लेकीला मध्येच स्वतःची बहीण समजणाऱ्या त्या माणसाचे हात मात्र काहीच विसरले नव्हते. दोघांनी मिळून ते धूड लाकडी खोक्यावर उतरवलं.

"इथे गॅरेजच्या कोब्याला उंचवटा आहे. गाडी सरळ उभीच राहत नाही," ती कुरकुरली.

"गवंडी कोण होता?"

"तुम्हीच."

"मग पुन्हा बोलवू नकोस त्याला."

ती खळखळून हसली. कॉलेजच्या दिवसांत हॉस्टेलवरून सुट्टीला आली तेव्हा जमिनीचा हा सिमेंटचा कोबा नवाकोरा होता, आणि तेव्हापासून मधोमध फुगलेलाच होता. हौसेला मोल नसतं, म्हणायचं आणि स्टँडखाली फळकूट सारायचं.

जुन्या इंजिनात काही राम उरला नव्हता. रिंगा झिजलेल्या, सायलेन्सरमधून निळा धूर, चढ आला की दमेकऱ्यासारखी धाप. आणि तिला तर उद्या निघायचं होतं. ओळखीच्या एका ट्रकवाल्याने बंदराच्या रस्त्यावर, कुठल्याशा गॅरेजात, दादासारखा माणूस पाहिला होता.

दादा बाबांशी कडाक्याचं भांडून गेला, तेव्हा ती हॉस्टेलवर होती. आईने फोनवर सांगितलं होतं, "पहाटे गाडी काढली आणि गेला. मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही." त्यानंतर खुशालीचा एक शब्द नाही. आता धाकटीचे कानाशी केस पांढरे व्हायला लागले होते, तरी रस्त्यात कुणाची पाठ दादासारखी दिसली की ती पुढे धावत जाऊन चेहरा बघायची.

"बसने जा की," सगळे म्हणत. पण बाबांची आणि दादाची गाडी एकाच दिवशी घेतलेली, एकाच रंगाची. बहिणीला बघून तो लपला असता. ही गाडी दारात उभी राहिलेली बघून लपला नसता, याची तिला खात्री होती.

आईला ते पटलं नव्हतं. "यायचा तेव्हा येईल तो. कशाला त्या खटाऱ्याच्या मागे लागतेस? माझं ऐक, जाऊ नकोस."

तसं इंजिन आता बनतच नव्हतं. भंगारवाल्यांनी हात वर केले होते. आज सकाळी आई शिवलेले कपडे द्यायला बाहेर पडली आणि बाबा एकदम म्हणाले, "आपल्याकडे आहे की एक."

गॅरेजच्या माळ्यावर, गंजक्या डब्यांच्या आणि टायरांच्या मागे पोतं होतं. पोत्यात ऑइलने चिंब फडक्यात गुंडाळलेलं इंजिन.

"कुठून आणलंत हे?"

"चांगली वस्तू कोणी टाकतं का?" बाबा म्हणाले. वाकडे खिळे ठोकून सरळ करणाऱ्या या माणसाचं हे आयुष्यभराचं उत्तर होतं. मग त्यांनी आवाज बारीक केला. "हिला सांगू नकोस. घरात भंगार भरतो म्हणून ओरडते."

धाकटी मन लावून इंजिन बसवत होती. हे सगळं ती दादाच्या गाडीवर शिकली होती. एकदा त्याच्या इंजिनावरच्या पॉइंटच्या झाकणाचा स्क्रू तिने हरवला, तर दादाने आईच्या शिलाई मशीनचा पितळी स्क्रू पळवून आणला आणि आटे जुळत नसताना बळेच पिळून बसवला. आईने दोघांचा असा उद्धार केला की शेजारीपाजारी खिडकीत आले. मशीन अजून खडखडायचं. मात्र हल्ली आई चिडत नसे. खडखड झाली की जरा थांबायची आणि पुन्हा पाय मारायची.

बोल्ट आवळले. चेन चढवली, क्लचची वायर जोडली, ऑइल ओतलं. पहिली किक फुकट गेली, दुसरी फुकट गेली, तिसऱ्या किकला इंजिन खोकलं आणि लागलं. आवाज असा गोड की बाबांनी टाळीच वाजवली.

"जातेय मी उद्या!" ती म्हणाली. तिला रडूच फुटलं. डोळे मनगटाने पुसले आणि हातातल्या फडक्याने ती इंजिनावरची चिकट काजळी पुसू लागली.

पॉइंटच्या झाकणावर काहीतरी पिवळं चमकलं.

तिने अंगठ्याने घासलं. पितळी स्क्रू. थोडा तिरपा बसलेला, माथ्यावर दादाचा स्क्रूड्रायव्हर निसटल्याचा ओरखडा. तिने चावी फिरवून गाडी बंद केली.

"बाबा, हे दादाचं इंजिन आहे."

"हो का? मग जपून ने. रागावेल तो." बाबांनी दाराकडे पाहिलं. "शाळेतून आला का गं?"

"बाबा, दादा गाडीवर बसून गेला ना? मग इंजिन इथे कसं?"

बाबांनी रिकाम्या पोत्याची घडी घालायला घेतली. निघण्याआधी दादाने इंजिन बदललं असेल, तिने स्वतःला समजावलं. दुसरं मिळालं असेल कुठेतरी. असेलच.

दारात चपला वाजल्या. आई आत येता येताच म्हणाली, "किती हा धूर, खिडकी तरी उघडा..."

मग तिची नजर इंजिनावर गेली. आपल्या मशीनचा स्क्रू तिने दारातूनच ओळखला. हातातली पिशवी गळून पडली.

तिने लेकीकडे पाहिलं नाही, नवऱ्याकडेही पाहिलं नाही. ती खाली बघत होती, गाडीच्या चाकांखाली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

"कोबा कोणी फोडला?" आईने विचारलं.