मीठ बंद

रुख्मा ओट्याखाली येऊन उभी राहिली आणि ओट्यावरचे बोलणे थांबले. केशोराव वैद्यांनी खलात फिरणारा बत्ता जिथल्या तिथे धरला आणि आधी तिच्या कपाळाकडे पाहिले. कुंकू होते. पण ती एकटीच आली होती. आठ दिवसांपूर्वी तिच्या नवऱ्याला, कवडूला, चौघांनी खाटेवर घालून याच ओट्यापाशी आणले होते. आज ना खाट होती, ना कवडू. कपाळावरचे कुंकू फार काळाची हमी देत नाही, हे वैद्यांना धंद्यातल्या अनुभवाने ठाऊक होते.

नागरा गावच्या महादेवाकडे जितके लोक येत, त्याहून थोडेच कमी केशोरावांकडे येत. महादेवाकडे उपाय अनेक होते, केशोरावांकडे एकच. मीठ बंद. दहा वर्षांपूर्वी त्यांनी एका जमीनदार मालगुजाराचे मीठ तोडले आणि त्याच्या पायांवरची सूज उतरली. सूज उतरली तेवढी उतरली. कीर्ती मात्र चढतच गेली. तेव्हापासून खोकल्याला मीठ बंद, खरजेला मीठ बंद, मूल होत नाही म्हणून मीठ बंद. सासू-सुनेचे पटत नसेल तर दोघींचे बंद. कवडूला आणले त्या साली देशभर माणसे मिठासाठी तुरुंगात जात होती. केशोरावांना त्यांची कीव येई. आपण जे लोकांना फुकट सोडायला लावतो, त्यासाठी ही माणसे हातांत बेड्या घालून घेतात! स्वतःच्या ताटात मात्र ते डाव्या बाजूला मीठ वाढून घेत. वैद्याने शत्रूला नजरेसमोर ठेवावे, असे त्यांचे म्हणणे होते.

कवडूचे दुखणे त्यांना नवे नव्हते. भाताच्या रोवणीच्या दिवसांत असले पुष्कळ येत. उजाडल्यापासून दिवस बुडेपर्यंत माणूस चिखलात राबतो, अंगातले सारे पाणी घामाने वाहून जाते. मग पायांत गोळे, पोटात गोळे, डोळ्यांपुढे अंधार, आणि एका दुपारी तो बांधावर आडवा होतो. खाटेवरच्या कवडूला स्वतःचे नावही धड सांगता येत नव्हते. केशोरावांनी नाडी धरली होती, डोळे मिटले होते, आणि दुरून कुठून तरी ऐकू यावा तसा निकाल दिला होता, "मीठ बंद. एक खडाही पोटात गेला, तर पुन्हा माझ्या दारी येऊ नको."

"काऊन वो रुख्मे, बोलत काऊन नाही?" फुलचूरच्या दुधराम पाटलांना राहवले नाही. वर्षभर अळणी वरण गिळून त्यांचा चेहराही अळणी झाला होता. "कवडू हाये का गेला?"

"धानाच्या बांदीत हाये जी," रुख्मा म्हणाली. "सकाळपासून नांगर धरून राह्यला. मले म्हणे, तूच जा, वैद्यबुवाले इचारून ये."

ओटा एकदम सैलावला. कोणी वा म्हणाले, कोणी महादेवाच्या दिशेने हात जोडले आणि मग चूक सुधारून केशोरावांच्या दिशेने जोडले. तिला तेवढ्यावर घरी धाडले असते, तर बरे झाले असते. पण कीर्तीची भूक एका घासावर भागत नाही.

"मोठ्यानं सांग," केशोराव म्हणाले. "सगळ्यांना ऐकू दे. मी सांगितलं तसंच केलंस ना? मीठ तोडलंस?"

रुख्मा घुटमळली. "तोडाले होतं कुठी जी?"

"म्हणजे?"

"आमच्या घरी होळीपासून मीठ नाही. कोरी पेज पिऊन राह्यलो होतो. तुमी म्हटलं, बंद कर. मी घरी गेली, मडकं पाहलं. रिकामं. आता बंद काय करू? नसलेलं कसं बंद करते माणूस?"

मागे कोणीतरी हसले.

"मंग?" दुधराम पाटील पुढे सरकले.

"मंग अंड्यावरची कोंबडी देली अन् गोंदियाच्या बाजारातून मीठ आणलं. म्हटलं, आधी सुरू करू, मंग वैद्यबुवाच्या शब्दाखातर बंद करू. पेजेत टाकून पाजलं. पहिल्या दिशी गोळे थांबले. दुसऱ्या दिशी उठून बसला. चवथ्या दिशी मले शिव्या देल्या, तवा समजलं का बरा झाला."

केशोराव तिच्याकडे पाहत राहिले. हजार नाड्या त्यांनी वाचल्या होत्या. हा चेहरा भोळा आहे की बेरकी, ते मात्र त्यांना वाचता येईना. गालावर चिखलाचे वाळलेले शिंतोडे होते, आणि डोळे सरळ त्यांच्यावर रोखलेले होते. शेजारी दुधराम पाटलांनी कोरड्या ओठांवरून सावकाश जीभ फिरवली.

"पण तुमचा शब्द मोडाचा नाही जी," रुख्माने हात जोडले. "रोवणा अजून पंधरा दिवस हाये. मडक्यात मीठ बी हाये. आता तुमीच सांगा, आजपासून बंद करू का?"

साऱ्या माना वैद्यांकडे वळल्या. होकारात कवडू पडत होता, नकारात केशोराव.

केशोराव उठले. त्यांनी धोतराचा सोगा सावरला आणि कोणाकडेही न पाहता ते घरात निघून गेले.